शीतलताईचं नाव त्या रिपोर्टवर नको

हे आत्ताच लिहून टाकते, उद्या राग निवला तर गुळमुळीत होईल. आमच्या कॉलेजच्या लॅबमधली शीतलताई, टेमघरची, माझी सिनियर आणि मैत्रीण, गेल्या महिन्यात डेंग्यूनं गेली. फोन आला तेव्हा मी पडघ्याच्या बसमध्ये होते... माझा स्टॉप कधी गेला कळलंच नाही.

आमच्या लॅबमध्ये पाण्याचा लांब काचेचा चॅनल आहे. एका टोकाला उभी पाटी. हायड्रॉलिक सिलिंडर तिला ढकलतो, लाट निघते आणि दुसऱ्या टोकाच्या मॉडेलवर, म्हणजे खाडीच्या बांधाच्या छोट्या नकलेवर आपटते. पाटी कधी, किती हलणार तो प्रोग्राम ताईचा. तिचं सगळं भांडण बांधावर आपटून परत येणाऱ्या लाटेशी. ती पाटीवर आदळून पुन्हा पुढे निघाली, नव्या लाटेत मिसळली, की बांधानं नक्की किती सोसलं ते कोण सांगणार? "पाहुणा दारात आला की माणूस मागं सरकतो का न्हाय? पाटी पण सरकली पाहिजे," ताई म्हणायची. आमचे लॅबचे सर वैतागायचे, "मॅडम, मला रिपोर्ट पाहिजे, पाहुणचार नको." त्यावर ही, "सर, त्या बांधामागं लोकं राहतात. त्यांना विचारू, काय पाहिजे?" पाटी जरा अडखळली की अख्खी टेस्ट रद्द. मी कपाळाला हात लावायचे, ती मला चहा आणायला पिटाळायची.

ती गेली आणि सरांनी पाटी मागं सरकवणारा प्रोग्रामचा तो भाग बंदच करून टाकला. सारखी मशीन थांबते म्हणे. उरलेल्या टेस्ट भराभर उरकल्या. आणि ताईच्या घरी पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, तिच्या फोटोसमोर उभं राहून जाहीर केलं, हा रिपोर्ट शीतलला अर्पण. वर म्हणाले, किती शांत मुलगी होती. शांत? शीतलताई?

काकी, म्हणजे ताईची आई, डोळे पुसत म्हणाली, "नाव तरी राहील ना गं तिचं." मी नुसती मान हलवून निघून आले. दोन दिवसांनी परत गेले आणि सगळं सांगितलं. काकी मेथी निवडत होती, हात थांबला.

"म्हणजे तिनं हे फेकून दिलं असतं?"

"हो काकी."

"मग नको. सांग तुझ्या सरांना, आई नको बोलते."

सांगितलं. सर म्हणाले, "तुमच्या भावना समजतात," आणि पहिल्या पानावर तिचा फोटो कुठे बसेल ते बघत राहिले. त्या रिपोर्टवर माझीपण सही लागते. केलेली नाही, करणारही नाही. तुमच्याकडे झालंय का असं... आपलं माणूस ज्या कामाला शेवटपर्यंत नाही म्हणत राहिलं, तेच ते गेल्यावर त्याच्या नावानं खपवलं? तेव्हा तुम्ही काय केलंत?