नाव न घेतलेलं झाड

आमच्या डोंगरउतारावर कुणाला एखादं रोप ओळखता आलं नाही, तर ते आइकारुवाकडे न्यायचं, ही रीत माझ्या लहानपणापासूनची. सगळं गाव तिला बिबी म्हणतं, म्हणजे आजी. बिबी पान आधी डोळ्यांनी बघायचीच नाही. चुरगाळायची, नाकाला लावायची, देठ दाताखाली धरायची, मग नाव सांगायची आणि वर तुमची अक्कलही काढायची. "रानतुळस आहे ही. शेळीला कळतं, तुला कळत नाही?" मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरी माझी परसबाग तिच्या शब्दावरच वाढली. जिभेला हाड नव्हतं तिच्या, पण नाव कधी चुकलं नाही.

एकच नाव ती घेत नसे. इसालेचं.

इसाले आमच्या बांधाबांधावर असतं. लांब हिरव्या पानांचं, नुसती कांडी रोवली तरी फुटणारं. जमिनीची हद्द त्यानंच आखतात, पुरलेल्या माणसाच्या उशाशी तेच लावतात, आणि माफी मागायची असेल तर त्याच्या पानाला गाठ मारून पाठवतात. ते गाठीचं पान कुणी नाकारत नाही, खून झालेला असला तरी नाही. बिबीनं नाकारलं होतं.

तिच्या दिरानं, एलिनामीनं, एका पावसाळ्यात बांध कोरला. इसालेची रांग उपटून बिबीच्या बाजूला तीन पावलं सरकवली. तिचा नवरा भांडायला गेला, दिवसभर पावसात उभा राहिला, तापानं पडला आणि नवव्या दिवशी गेला. महिन्याभरानं एलिनामीनं गाठीचं पान धाडलं. ते घेऊन मीच गेले होते, सोळा वर्षांची होते तेव्हा. बिबीनं पानाला हातसुद्धा लावला नाही. काठीनं उडवून पाटात टाकलं. मग आपल्या जमिनीवरचं इसाले मुळासकट उपटून तिनं हद्दीला दगड लावले. एलिनामी तोंड लपवून समुद्राकाठच्या टांगा शहराकडे घायपाताच्या मळ्यात कामाला गेला तो गेलाच. तेव्हापासून बिबीच्या कानावर ते नाव पडू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं.

पंचेचाळीस वर्षांनी त्याची नात आली. न्देशी, आठ वर्षांची. आजोबा आजारी, म्हणून तिला मामीकडे, फेलिस्ताकडे, ठेवली. फेलिस्ता एलिनामीच्याच जुन्या घरात राहते, बिबीच्या दगडांना लागून. पोरगी समुद्राकाठी वाढलेली, डोंगराच्या रीती तिला कुठून ठाऊक असणार? पाटाच्या कडेला दगडांच्या फटीत तिला एक वाळकी कांडी सापडली. तिनं ती तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि डबा ठेवला चुलीमागच्या कोपऱ्यात, जिथे ऊन पोचत नाही. तीन महिन्यांत कांडी फुटली. पानं मात्र फिकी, जवळजवळ हाडाच्या रंगाची. बांधावरचं हिरवं झाड आणि हे एकच, असं पोरीच्या मनात येणं शक्य नव्हतं.

ती ज्याला त्याला विचारत सुटली. मोठ्यांनी ओळखलं नाही असं कसं होईल? पण दगडांपलीकडे बिबी बसलेली, नाव कोण घेणार? दूधवाला म्हणाला, "मका असेल." फेलिस्ता म्हणाली, "कांद्यातली काहीतरी जात." आणि मी, मोठी विज्ञानाची बाई, मीही म्हणाले, "मला नाही गं माहीत. बिबीला विचार." मला त्याची अजून लाज वाटते.

पोरगी डबा घेऊन गेली, मी मागोमाग. बिबीनं सवयीनं हात पुढे केला आणि पानाला बोट लागायच्या आत मागे घेतला.

"तण आहे," ती म्हणाली. "उपटून टाक."

"वास तरी घे ना, बिबी."

"तणाचा कसला वास घ्यायचा? जा घरी."

माझ्या ऐकण्यात बिबी पहिल्यांदा खोटं बोलली. न्देशीनं रोप उपटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या एका पानाला गाठ होती.

"कार्टे, पानं कशाला बांधून ठेवतेस?" फेलिस्ता ओरडली.

"मी नाही बांधली, मामी."

फेलिस्तानं डबा धान्याच्या कोठीत ठेवला, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. सकाळी दुसऱ्या पानाला गाठ. तिनं मला बोलावलं. "पोरांना उद्योग नसला की असंच," असं मी मोठ्यानं म्हणाले खरी, पण गाठ मी ओळखली होती. पानाचं टोक दोनदा आत खोचलेलं होतं. एलिनामीला उजव्या हाताचा अंगठा नव्हता, त्याला गाठ तशीच मारावी लागे. ती गाठ मी या हातात धरून नेली होती. फेलिस्ताला मी काही सांगितलं नाही.

सोमवारी टांगाहून फोन आला. एलिनामी गेला.

आमच्यात माणूस कुठेही मरो, त्याला आणून घरच्या केळीच्या बागेत पुरतात. परक्या मातीत ठेवला तर तो फिरत राहतो म्हणतात. पण थोरल्या घरानं हो म्हटल्याशिवाय धाकट्यासाठी कुदळ उचलत नाहीत, आणि थोरल्या घरात आता एकटी बिबी होती. फेलिस्ताचा नवरा, एलिनामीचा मुलगा, तिच्या पायाशी जाऊन बसला.

"जागा नाही," बिबी म्हणाली. "त्याला पावलं मोजायची हौस होती ना? तिकडेच मोज म्हणावं."

शवागारवाले शुक्रवारपर्यंतच थांबणार होते, मग टांगातच पुरणार होते. न्देशीला यातलं कुणी काही कळू दिलं नव्हतं. आजोबा दवाखान्यात आहेत, एवढंच तिला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी मी बिबीला विनवायला गेले. धुकं इतकं की अंगणापलीकडची केळ दिसत नव्हती. मी बोलत होते, ती शेंगा सोलत होती. तेवढ्यात न्देशी डबा घेऊन आली. पाच पानं, पाचांना गाठी.

"बिबी, आता तरी नाव सांग."

"सांगितलं ना, तण आहे."

"आजोबा म्हणतात, तण नाही."

बिबीचा हात थांबला. "कधी म्हणाले?" मी विचारलं.

"आत्ता. पाणी घालताना. रोज विचारतात, तिनं नाव घेतलं का."

"फोनवर?"

"नाही. केळीत उभे असतात ना. जवळ येत नाहीत. बिबीनं बोलावलं नाही म्हणतात."

पोरीला उचलून तिथून न्यावं असं वाटलं, पण बिबीनं डबा मांडीवर ओढून घेतला होता. ती एकेका गाठीवरून बोट फिरवत होती. एक सोडवू लागली, ती सुटेना. मग तिनं पानाचा तुकडा तोडला, चुरगाळला आणि नाकाला लावला.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तो तुझ्याएवढा होता," ती न्देशीला म्हणाली. "कोयत्यानं अंगठा गेला, तेव्हा हात मीच बांधला. रात्रभर माझ्या कुशीत रडला."

"आणि हे काय आहे?" पोरीनं डब्याकडे बोट केलं.

"इसाले," बिबी म्हणाली. मग तिनं परत म्हटलं. "इसाले आहे हे. त्याला सांग, ये म्हणावं. जागा आहे."

न्देशी दारात गेली. धुक्याकडे तोंड करून, मान वाकडी करून ऐकत राहिली. मग परत आली, थोडी हिरमुसली.

"तूच सांग, बिबी. ते आता बोलतच नाहीत."

मी फोन काढून फेलिस्ताच्या नवऱ्याला सांगितलं, गाडी करा, त्याला घेऊन या. बोलता बोलता पाहिलं, तर बिबी उठून दगडांपाशी पोचली होती. जेवायला बोलवावं तशी ती धुक्यात हाक मारत होती.

"एलिनामी, ये रे घरी. उशीर मी केला. ये."