वाडीच्या गोडाऊनांचे रस्ते मीच फुकटात लिहून दिले

मित्रांनो, दुपारपासून डोकं तापलंय.

गोडाऊनांनी भरलेल्या आमच्या वाडीत ट्रक ड्रायव्हरांसाठी मी एक छोटं अ‍ॅप चालवतो. कोणत्या गोडाऊनला कोणत्या गेटनं शिरायचं, एवढंच ते सांगतं. आज टपरीवर एक ओळखीचा ड्रायव्हर भेटला. मी विचारलं, "काहून गा, माझं अ‍ॅप काढून टाकलं?"

"त्याचं काय काम भाऊ? आता फोनलेच विचारतो. हे पाहा."

त्यानं एका गोडाऊनचा रस्ता विचारला आणि फोनमधला एआय बोलला, "निळ्या टाकीमागच्या गेटने जा. पुढच्या गेटवर लांब ट्रक वळत नाही."

अरे, हे वाक्य माझं आहे! अ‍ॅप सुरू करायच्या आधी कितीतरी वर्षं मी हा फोन आणि एआय बनवणाऱ्या कंपनीच्याच ऑनलाइन नकाशावर वाडीच्या गोडाऊनांची अशी माहिती फुकटात भरत होतो. त्याबद्दल त्यांनी स्क्रीनवर एक बिल्ला दिला, तो मी बायकोलाही कौतुकानं दाखवला होता.

म्हणे यांचा एआय हुशार! डोंबलाचा हुशार. फोन यांचा, नकाशा यांचा आणि माझ्यासारखे येडे यांचे बिनपगारी नोकर. यांच्यापुढे माझं अ‍ॅप काय टिकणार?

हे सगळं त्याला सांगितलं, तर वरून ड्रायव्हर म्हणतो, "पण ते मागचं गेट बंद झालं न भाऊ. आज माझा ट्रक फसला तिथं. तुम्ही दुरुस्त करून द्या ना."

शिव्या देत देत मी फोन काढला आणि दुरुस्त करून दिलं. त्यांच्याच नकाशावर. नसतं केलं तर उद्या दुसऱ्या कोणाचा ट्रक तिथं फसला असता, आणि मी ते होऊ देणार नाही, हे त्या कंपनीला माझ्याआधी माहीत आहे.

तुम्ही असता तर काय केलं असतं?