चिंगीची लंगडी

आमची चिंगी तीन पायांवर उड्या मारत आली की मी टाळ्या वाजवायचो. दीड वर्षाची, मांजराएवढी कुत्री. पाहुण्यांना मी अभिमानानं सांगायचो, "बघा, लंगडी खेळते," आणि तिला बिस्किट द्यायचो. गुडघ्याची वाटी सरकते म्हणून ती पाय उचलते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही माझ्या खिशात बिस्किट होतंच.

ऑपरेशन करायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घोळ घातला. "एवढ्याशा जिवाला कापायचं? ती कुठे कुरकुरते?"

"कुरकुरत नाही म्हणजे दुखत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" बायको म्हणाली. शेवटी संमतीची सही तिनंच केली.

न कुरकुरणाऱ्याचं आपल्या घरांत फार कौतुक. हसतमुखानं सोसणाऱ्याला आपण गुणी म्हणतो आणि पुन्हा त्याच कामाला जुंपतो.

टाके निघाले, गुडघा जागेवर बसला. आता तिनं पाय टेकवून चालायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. ती टेकवायचीही, थोडा थोडा. काल शेजारचे काका आले. चिंगीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोच पाय उचलून ती उड्या मारू लागली. काका हसले. मला मान वर करवेना.

ते गेल्यावर बायको कंबर धरून उठली आणि चहाचे कप गोळा करत म्हणाली, "कौतुक झालं ते लंगडताना. आता ती चार पायांवर कशाला चालेल?"