बावन्न हातांची टाकी

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात मावशी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि आडव्या लोखंडी टाकीच्या चार पायांखाली फळ्या सरकवत होत्या. टाकी दोन मीटर लांब, छापखान्याच्या कॉम्प्रेसरसाठी बनवलेली. पाण्याने भरली की तिचं वजन साडेबारा क्विंटल होतं, आणि ते सगळं चार पायांच्या तळहाताएवढ्या पत्र्यांवर येतं. उंच टाचेची सँडल पायावर पडली की माणसाची जी गत होते, तीच फरशीची होते. फळी घातली की तेच वजन पसरतं आणि फरशी वाचते. दोन वर्षांपूर्वी एक टाकी फळीविना भरली होती. तिच्या पायाने पाडलेला खड्डा अजून तिथेच आहे. मावशी तो बुजवू देत नाहीत.

त्या मावशी खऱ्या एकाच माणसाच्या, सुपरवायझरच्या. तो त्यांच्या बहिणीचा मुलगा. पण तो इथे नोकरीला लागला आणि मावशी म्हणता म्हणता सगळ्यांनीच त्यांना मावशी करून टाकलं. वय अठ्ठावन्न, शिक्षण आठवी, नोकरी एकतीस वर्षं. आल्या त्या फरशी पुसायला. टाक्या तपासायचा कोपरा कायम ओला, म्हणून पोचा घेऊन त्यांचा मुक्काम तिथेच असायचा. तिथल्या म्हाताऱ्या फिटरने एकदा सांगितलं, "नुसती उभीच आहेस तर काटा बघ आणि आकडा ओरड." काटा म्हणजे दाबमापकाचा. सहा वर्षांनी फिटर निवृत्त झाला, तेव्हा त्या कोपऱ्यात मावशींच्या शब्दाबाहेर पंपाचा दांडाही हलत नव्हता.

काम सांगायला सोपं आहे. टाकीत जेवढा दाब राहणार, त्याच्या दीडपट देऊन बघायचा. ही टाकी दहा किलो दाबाची, म्हणजे पंधरापर्यंत न्यायची, अर्धा तास धरायची, टिकली तर टाकीवरच्या पाटीवर शिक्का मारायचा. दाब द्यायचा तो पाण्याने, हातपंपाने.

त्या दिवशी पाणीच नव्हतं.

चाचणीचं पाणी मावशी वाया घालवत नाहीत. कोपऱ्यात हजार लिटरचा हौद आहे, तेच पाणी टाकीत जातं आणि तेच परत येतं. आदल्या दिवशी डास झाले म्हणून भाच्याने हौद उपसून, घासून, लख्ख करून ठेवला होता. सकाळी नळ सोडला तर नळाने नुसता सुस्कारा टाकला. रस्त्यावरची वाहिनी फुटली होती, पाणी संध्याकाळी येणार होतं.

"मावशी, मला काय माहीत आजच..." भाचा म्हणाला.

"तुझ्या आईलाही सणक आली की सगळं घर धुऊन काढायची," मावशी म्हणाल्या. "घराणंच स्वच्छ."

नऊ वाजता मालक आले. वडिलांनंतर वर्कशॉप त्यांच्याकडे येऊन दीड वर्ष झालं होतं. टाकी न्यायला चारला गाडी येणार होती. छापखाना जुनं गिऱ्हाईक, आणि उशिरामुळे आधीच चिडलेलं. कोरडा हौद बघून मालक म्हणाले, "मावशी, या टाकीत शेवटी काय भरणार? हवाच ना? मग हवेनेच तपासू. कॉम्प्रेसर लावा, दहा मिनिटांत पंधरावर."

ऐकायला बिनतोड. भाच्यानेही क्षणभर मान हलवली, मग मावशींकडे बघून थांबवली.

"हवेने नाही होणार," मावशी म्हणाल्या.

"का नाही? मी सांगतोय."

"तुम्ही सांगताय ते कानाला ऐकू येतंय. टाकीला नाही येत."

मालक तापले. म्हणाले, चारला शिक्का मारलेली टाकी गाडीत नसेल, तर उद्यापासून सगळ्या टाक्या बाहेर तपासायला जातील. हा कोपरा मोकळा करू, तिथे वेल्डिंगचं आणखी एक टेबल बसेल. ते रागाच्या भरात बोलून गेले होते असं नाही. जागेचं माप त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं, फरशीवर खडूच्या खुणा होत्या.

मावशींनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्यात सुईविना दोन मोठ्या सिरिंज होत्या. बाटलीतलं पाणी एकीत ओढून घेतलं, दुसरीत हवा. पाण्याची मालकांच्या हातात दिली. "पुढचं तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडा आत ढकला."

मालकांनी ढकलला. दांडा तसूभर हलला नाही. अंगठा लाल झाला.

"आता ही."

हवेच्या सिरिंजचा दांडा निम्म्याहून जास्त आत गेला.

"सोडा."

दांडा सटकन उसळून मागे आला आणि त्यांच्या तळव्यावर आपटला.

"पाणी दबतच नाही म्हटलं तरी चालेल," मावशी म्हणाल्या. "त्यामुळे ते मनात काही ठेवत नाही. टाकीला चीर गेली तर लिटरभर पाणी बाहेर येतं आणि दाब खलास. हवा दबते, गप्प बसते, आणि वाट मिळाली की सगळं एकदम वसूल करते. नऊशे लिटर हवा पंधरा किलोवर म्हणजे ही सिरिंज नव्हे, मालक."

"टाकी आपल्याच वेल्डरने केलीय. चीर जाईल कशाला?"

"जाणार नाही अशी खात्री असती तर तपासली कशाला असती?"

मालक सिरिंज टेबलावर ठेवून आत निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मावशींनी ते हो धरलं.

वर्कशॉपच्या पाठीला लॉन्ड्री आहे. तिच्या बोअरचं पाणी आटत नाही. मावशींनी खिडकीतून हाक मारली. लॉन्ड्रीवाली त्यांच्याच वयाची, दोघींची मैत्री खिडकीतूनच वाढलेली.

"नऊशे लिटर? अगं, हत्तीला आंघोळ घालतेस काय?"

"लोखंडाचा आहे. मळत नाही, पाणी जसंच्या तसं परत देईन."

"परत नको बाई. तुमच्या गंजाच्या पाण्याने माझ्या पांढऱ्या चादरी भगव्या होतील. अकराला माझं मशीन थांबतं, तेव्हा नळी घे."

अकराला खिडकीतून नळी आली. साडेबाराला टाकीच्या वरच्या बुचातून पाणी उतू गेलं. हवा गेली असं समजून मावशींनी बूच घट्ट केलं, पदर खोचला आणि पंपाचा दांडा धरला.

इथे त्यांची खरी विद्या आहे. मागच्या भिंतीवर खडूने आकडे लिहिलेले आहेत: कोणत्या मापाच्या टाकीला पंपाचे किती हात, म्हणजे दांड्याचे किती फटके, लागतात. काटा खोटं बोलू शकतो, तो बिघडतो, अडकतो. हाताची मोजणी त्याला साक्षीदार. या मापाच्या टाकीला पंधरापर्यंत बावन्न हात. इतक्या वर्षांत आकडा पन्नासच्या खाली आला नाही, पंचावन्नच्या वर गेला नाही.

मावशी मोठ्याने मोजत होत्या. चाळीस झाले. बावन्न झाले. साठ झाले, आणि काटा अजून एकावरही पोचला नव्हता.

त्यांनी दांडा सोडला.

मालक एव्हाना येऊन उभे होते. "मारा की आणखी. चढेल."

"चढेल. पण आत हवा आहे. ती दाबायला आणखी शंभर-सव्वाशे हात लागतील, आणि मग आपण हवेनेच तपासल्यासारखं होईल. सकाळी तेवढ्यासाठीच भांडले ना मी?"

त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि बुचाच्या विरुद्ध टोकाला जाऊन थांबल्या. त्या टोकाखाली जाड फळी होती, बुचाच्या टोकाखाली पातळ. टाकी दोन बोटं तिरकी. बूच उतारावर राहिलं आणि वरच्या टोकाशी तीन-चार लिटर हवा छपराखाली बसावी तशी बसून राहिली. नेहमी याच्या बरोबर उलट असतं.

"फळ्या कोणी घातल्या?" मालकांनी भाच्याकडे बघत विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या. "चूक माझी. पाण्याच्या काळजीत होते, जाड-पातळ बघितलं नाही."

आवाजात ना रडगाणं, ना सबब. जॅक आणायला त्या निघाल्यासुद्धा होत्या.

टाकी अर्धी रिकामी करून उचलणं, फळ्या बदलणं, पुन्हा भरणं, यात तीन वाजून दहा मिनिटं झाली. यावेळी बुचातून आधी गुळगुळ करत बुडबुडे आले आणि मग स्वच्छ, अखंड पाणी.

पहिले काही हात मारताच काटा हलला. पंधरा हातांना चार, तिसाला आठच्या पुढे. मालक टाकीच्या टोकाशी उकिडवे बसून पाटी बघत होते, शिक्का कुठे बसेल ते. पंचेचाळीसाव्या हाताला काटा तेरावर आला आणि टाकीच्या खालच्या जोडातून केसाएवढी बारीक पाण्याची धार सुटली. ती मालकांच्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत उभी रेघ ओढून गेली. ना धडाका, ना आवाज. धार झिमझिमत मंदावली, काटा तेरावरून नऊवर, नऊवरून तीनवर उतरला. फरशीवर साचलेलं पाणी एका फडक्यात मावलं असतं.

मालक उठले. ओल्या शर्टावरून त्यांनी हात फिरवला. ज्या जागेवरून धार आली, ती त्यांच्या चेहऱ्यापासून दोन फुटांवर होती.

"हवा असती तर?" त्यांनी विचारलं.

"तर गाडी चारच्या आधीच आली असती," मावशी म्हणाल्या. "पांढरी. वर दिवा असलेली."

भाच्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. मालकांना आलं नाही.

मावशींनी पिवळ्या खडूने जोडाभोवती गोल केला आणि टाकीचं पाणी हौदात सोडलं. चारला गाडी आली आणि रिकामी परत गेली. छापखान्याला फोन मालकांनी स्वतः केला. दार उघडं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं: "नाही, उशीर आमच्याकडूनच. जोड गळतोय. उद्या देतो." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. मालक ऐकून घेत होते.

संध्याकाळी भाच्याने हौदावर जाळी बसवली, डासांसाठी आणि स्वतःसाठीही. मावशी पोचा फिरवून घरी गेल्या. मोजणीच्या भिंतीवर त्यांनी नवीन काही लिहिलं नाही. फरशीवरच्या खडूच्या खुणा मात्र पोच्याखाली गेल्या आणि त्या कोणी पुन्हा काढल्या नाहीत.

दाराजवळच्या फळ्यावर उद्याची कामं मालकांच्या अक्षरात आहेत. वेल्डर साडेसातला. छापखान्याची टाकी, पाण्याची चाचणी, अकराला. हौदात नऊशे लिटर पाणी आहे, आणि बूच वरच्या टोकाला.