खोड सांगून सौदा

जगात बिनखोडीचं काही नसतं आणि खोड लपवून सौदा करणाऱ्याचं कधी भलं होत नाही, या दोन गोष्टींवर माझ्या बायकोच्या मामांइतका विश्वास ठेवणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. मामा उदगीरकडचे, हाळीच्या बाजारात बैलांची दलाली करणारे. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्यावर टॉवेलाएवढी दस्ती आणि पायाला भिंगरी. जेवतानाही एक गुडघा उभा, म्हणजे कुणी हाक मारली तर उठायला सोपं. बैल विकणाऱ्याच्या देखत ते घेणाऱ्याला सांगायचे, "उजव्या अंगाला जुंपू नका, बसतंय." विकणारा शिव्या घालायचा, घेणारा मात्र पुढच्या बाजाराला मामांनाच हुडकत यायचा. दुसरा नाद उदगीरचा वेगळा जिल्हा होण्याचा. माझ्या लग्नात मांडवातच मला म्हणाले, "जावईबापू, नोकरी कुठंबी करा, पण जिल्हा झाला की उदगीरला या. मग तिथं भाड्यानं खोली भेटायची न्हाई." जिल्हा अजून व्हायचाच आहे, पण मामांच्या हिशेबानं तो नेहमी पुढच्या महिन्यात होणार असतो.

असा माणूस मी पुण्यात भाड्याचं घर शोधायला बरोबर नेला. नेला कसला, तेच आले. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. बाजारात सगळे बैल विकायलाच आलेले, घ्यायला कुणी नाही, आणि मामांचा जीव तिथं लागेना. मी पुण्यात नव्या नोकरीवर, चौघांच्या खोलीत गादी टाकून पडत होतो. बायको आणि लहानगी लेक कंधारला माझ्या आईजवळ, टँकर आला की घागरी घेऊन धावायच्या. शाळा सुरू व्हायच्या आत दोघींना आणायचं होतं, नाहीतर आणखी एक वर्ष तसंच गेलं असतं. बायकोची अट एकच, तळमजला पाहिजे. ती किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा आमच्या लेकीएवढी होती. तिच्या घरातलं दुसरं कुणी राहिलं नाही. मामांनी तिला उचलून उदगीरला नेलं आणि वाढवलं. तेव्हाही रस्त्यानं जड ट्रक गेला की ती झोपेतून उठायची आणि अंगणात जाऊन उभी राहायची. आमच्या घरात यावर कुणी बोलायचं नाही.

पुण्यात तळमजला मिळणं आधीच कठीण, त्यात मामा सोबतीला. पहिल्या घराचे मालक निवृत्त अधिकारी. मामांनी हात जोडून त्यांना "शरणार्थ" केलं, घराला बाहेरून चक्कर मारली, भिंतींवर थापा मारल्या, मोरीत वाकून वास घेतला आणि मान डोलावली. आता भाड्याची बोलणी. मामांनी खांद्यावरची दस्ती काढली, मालकाचा हात धरला, त्यावर दस्ती टाकली आणि खालून त्याची बोटं दाबायला लागले. आमच्याकडं बैलाचा भाव असाच ठरतो. चारचौघांत आकडा तोंडानं बोलायची रीत नाही. पुण्यातल्या माणसाला हे काय ठाऊक? त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. त्यांनी पंखा वाढवला, आतून पाणी मागवलं, मला डॉक्टरचा पत्ता सांगितला. एवढं होऊनही भला माणूस घर द्यायला तयार झाला होता. तेवढ्यात मामा म्हणाले, "सायेब, आता आमची खोड सांगतो. जावई घोरतो. लई घोरतो. अन् पाव्हण्यांचं म्हणाल तर कंधार-हदगावात कुणाचं पोट दुखलं तरी दवाखाना पुण्याला, अन् उतरणार ह्याच्याकडंच."

"कळवतो," असं म्हणून मालकांनी दार लावलं.

"मामा, घर मिळवायला आलात का घालवायला?" मी रस्त्यातच भडकलो.

"उद्या त्येला कळलंच असतं की," मामा चालता चालता म्हणाले. "मंग त्यानं सामान भाईर टाकलं असतं. लेकरू घिऊन कुठं जाणार व्हता?"

पुढं तोच खेळ. कुठं माझा राग सांगितला, कुठं माझा विसराळूपणा. एका घरी तर मी न्हाणीघरात मोठ्यानं गातो हेही सांगून टाकलं. मी दातओठ खात मागं मागं हिंडत होतो. संध्याकाळी बायकोचा फोन यायचा, "झालं का काही?" आणि मला काय सांगावं कळायचं नाही. एवढ्या सगळ्या खोडी सांगणाऱ्या मामांच्या तोंडून भाचीची तेवढी निघत नव्हती. मीही काढत नव्हतो. ती ऐकून कोण घर देणार, याच धास्तीत मी होतो.

शेवटी एका एकट्या राहणाऱ्या काकूंच्या घरी पोचलो. मागच्या दोन खोल्या, तळमजला, पुढं फाटक. काकूंनी माझ्या सगळ्या खोडी मन लावून ऐकल्या आणि त्या हसल्या. "आमचेही घोरायचे. ते गेल्यापासून मला शांततेनंच झोप लागत नाही. बरं, याची बायको कशी आहे?"

मामा पायरीवर टेकले. बराच वेळ दस्तीनं तोंड पुसत राहिले.

"पोर सोन्यासारखी हाय, ताई," ते म्हणाले. "पण किल्लारीची हाय. घर अंगावर पडलेलं लेकरू हाय ते. हादरा बसला की भाईर पळतंय. रातच्याला फाटकाला कुलूप घालत असाल तर आमाला हे घर जमायचं न्हाई. लई चांगलं हाय, पण जमायचं न्हाई."

 माझे डोळे भरून आले, आणि इतके दिवस त्यांच्यावर चिडलो त्याची लाज वाटली.

काकूंनी फाटकाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "घालते मी कुलूप. एकटी बाई, भीती वाटते. तुमची माणसं राहायला आली तर कशाला घालू?"

शाळा सुरू व्हायच्या आधी दोघी आल्या. सुरुवातीला ट्रक गेला की बायको अंगणात जायची आणि पाठोपाठ काकूही शाल गुंडाळून तिच्याशेजारी येऊन उभ्या राहायच्या. मामांचा रोज सकाळी फोन, "झोपली का पोर?" हळूहळू बायकोचं उठणं कमी झालं. एक दिवस मी सांगितलं, "मामा, आता ती उठतच नाही." पलीकडून नुसतं "बरं" आलं.

त्यानंतर फोन कमी कमी होत गेले. तिकडं बैलांचा बाजारही बसला. लोकांनी ट्रॅक्टर घेतले, आणि ट्रॅक्टरची खोड मामांना विचारायला कोण येतं? मामी सांगतात, दिवसभर ओट्यावर असतात, जिल्ह्याचं नाव काढत नाहीत. ते ऐकल्यापासून मलाच चैन पडत नाही. परवा न राहवून मी फोन लावला. म्हटलं, "मामा, घरात काहीतरी खोड निघाली आहे. तुम्हाला येऊन बघावं लागेल."

"खोटं बोलून राहिलात, जावईबापू," मामा म्हणाले. मग विचारलं, "कोण्या गाडीनं येऊ?"