दाखला यायच्या आधी

शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला की मला आंधळगावचा तो भट्टीवरचा कामगार आठवतो. भंडाऱ्याजवळच्या भांड्यांच्या कारखान्यात मी तेव्हा पेन्शनची कागदपत्रं पाहायचो. धगीनं त्याच्या पापण्या कायमच्या झडल्या होत्या. आधार कार्डावर कुणीतरी अंदाजानं त्याची जन्मतारीख टाकली होती, वय दोन वर्षांनी वाढवणारी. कारखान्याच्या नोंदीत वेगळीच तारीख होती आणि सरकारी तपासणी तोंडावर आली होती. "शाळेत नाव हाय माह्यं साहेब. चार दिवस द्या, दाखला आनतो," तो म्हणाला. मी हो म्हटलं, पण दुसऱ्याच दिवशी वरून फाइल मागितली गेली आणि मी आधारचीच तारीख लिहून शिक्का मारला. त्या तारखेनं तो निवृत्तीचं अठ्ठावन्न वय ओलांडून गेला आणि त्याची नोकरी दहा वर्षांच्या आतच संपली. दहा वर्षं न भरलेल्याला पेन्शन नसते. चौथ्या दिवशी तो दाखला घेऊन आला, तेव्हा मी सांगितलं की नोंदीतली तारीख एकदाच बदलता येते आणि ती बदलून झाली, तसा नियम आहे. त्यानं दाखला माझ्या टेबलावर ठेवला. "मंग थांबले काहून नाई तुमी? मी तं येऊनच राहिलो होतो ना." मी पुन्हा नियमच सांगितला. पुढे तो कारध्याला एका गोदामावर राखणदार झाला आणि दोन हिवाळ्यांत तिथंच वारला. आता माझीही निवृत्ती जवळ आली आहे, माझे सगळे कागद मी तीनतीनदा तपासून घेतलेत. त्या वेळची सरकारी तपासणी ऐनवेळी महिनाभर पुढे ढकलली गेली होती, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.