रविवारचा वाटा

पहिल्यांदा अंगावर पित्त उठलं तेव्हा मी दोष दिला डासांना. मग साबणाला, मग शेजारच्या उसावर मारलेल्या औषधाला. खाण्याला नावं ठेवणं माझ्या स्वभावात नाही. रेल्वेतनं रिटायर झालो, बायको गेली, दौंडच्या या घरात मी एकटा उरलो आणि झक मारत स्वयंपाक शिकलो. आता माझ्या हातच्या माशाच्या कालवणाला नाव ठेवायची कुणाची टाप नाही.

पण खाज अशी सुटायची की विचारू नका. तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, नाक गच्च, छातीत धडधड. आमसुलाचं पाणी चोळून झालं. गोळीनं चार तास बरं वाटायचं, की पुन्हा तेच. रक्त तपासलं, ॲलर्जीच्या टेस्ट केल्या, सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हटल्यावर माझं टाळकं आणखीच सरकलं. मग इथं मी खाजवतोय ते काय हौस म्हणून?

डॉक्टरबाई माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी वहीत लिहायला सांगितलं. काय खाल्लं, ते कधी शिजवलेलं होतं, किती वेळानं काय झालं. कुरकुरलो, पण लिहिलं. तीन आठवड्यांनी त्यांनी वही चाळली आणि सोमवारवर बोट ठेवलं. तिन्ही सोमवार वाईट गेले होते.

"रविवारी किती जणांचं शिजवता?" त्यांनी विचारलं.

"दोघांचं."

"आणि जेवतं कोण?"

"मीच."

माझा मुलगा रांजणगावला कंपनीत आहे, शिरूरला बायकोबरोबर भाड्यानं राहतो. दर शनिवारी त्याचा फोन येतो, उद्या सुट्टी आहे, येतो म्हणतो. मी सकाळीच नदीचे ताजे मासे आणतो, कालवण करतो आणि आधी त्याचा वाटा काढून ठेवतो. आमचे वाडवडील मेंढरांमागं रानोमाळ फिरलेले. गेलेला माणूस तळावर कवा परतंल याचा नेम नसायचा, म्हणून त्याचा वाटा काढल्याशिवाय कुणी घास उचलायचं नाही. तो नाहीच आला तर अन्न टाकायचं नाही, दुसऱ्या दिवशी खाऊन टाकायचं. पुढं जमिनी आल्या, नोकऱ्या आल्या, पण ही रीत आमच्या घरातनं काही गेली नाही. रविवारी दुपारी मुलाचा फोन यायचा, ओव्हरटाइम लागला, पुढच्या रविवारी नक्की येतो. मग सोमवारी तो वाटा मी चांगला उकळून खायचो. मुरलेलं कालवण तसंही जास्त गोड लागतं.

तिथंच घोळ होता. बाईंनी समजावलं की ठेवलेल्या अन्नात, मासे-मटणात तर विशेष, हिस्टामिन नावाचं द्रव्य वाढत जातं. आंबवलेल्या, मुरवलेल्या पदार्थांतही ते असतं. बहुतेकांचं शरीर ते मोडून टाकतं, माझं त्यात कमी पडत असावं. आणि कितीही उकळलं तरी ते जात नाही. तेव्हा ताजं शिजवायचं, लगेच खायचं. लोणचं, दही, टोमॅटो, वांगं काही आठवडे बंद, मग एकेक थोडं खाऊन बघायचं आणि सोसेल ते ठेवायचं. काही ठेवायचंच झालं तर शिजल्यावर पटकन गार करून फ्रीजरमध्ये टाकायचं.

फ्रीजरचं ऐकून मी खूश झालो. म्हणजे वाटा काढायची सोय झाली! एका रविवारचा डबा ठेवला, दुसऱ्याचा ठेवला, तिसऱ्याचा ठेवला. चौथा डबा काही केल्या त्या कप्प्यात बसेना. तो हातात धरून मी फ्रीजसमोर उभा राहिलो आणि मला रडू आलं. इतके दिवस वाटा माझ्या पोटात जात होता, त्यामुळं पोरगा किती रविवार आला नाही हे दिसतच नव्हतं.

मग मी ते डबे एकेक गरम करून संपवले आणि माझ्यापुरतंच शिजवायला लागलो. एवढुसं कालवण करताना हात अडखळायचा, मीठ हमखास जास्त पडायचं. पण डबे ठेवायला लागल्यापासून एकाही सोमवारी अंगावर काही उठलं नाही. वांगं थोडं सोसतं, दही अजिबात नाही, हेही हळूहळू कळलं. तब्येत सुधारली, मन मात्र खात होतं. पोरगा अचानक दारात उभा राहिला आणि घरात त्याच्यासाठी घास नसला तर? शेवटी शनिवारी त्याचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं.

"तुझा वाटा आता ठेवत न्हाई मी. येशील तवा ताजं करीन."

 मला वाटलं, पोरगा दुखावला. डॉक्टरबाई गेल्या उडत, ठेवतो बाबा, असं म्हणणारच होतो, तेवढ्यात तो बोलला.

"बरं झालं, आप्पा. तुम्ही वाटा काढून ठेवता म्हणून न्हाई म्हणायला जीभ रेटत नव्हती. फोन करायचीबी भीती वाटायची."

मी बरं म्हटलं आणि ठेवला फोन. आठवडाभर मशीनवर उभं राहायचं, एक सुट्टी मिळायची, आणि तिच्यावरही बापाच्या कालवणाचं ओझं. हे मला आधी कळायला हवं होतं. राग आला तो माझाच आला. आणि लई एकटं वाटलं, बायको गेली तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सबब सांगायला त्याचा फोन आला नाही. मी एक भाकरी थापली आणि गरम गरम जेवून घेतलं.